पाच पदर आणि धुकं

सोमवार, ६ जानेवारी

नव्या वर्षाची ही डायरी बाबांना एका दुकानदाराने दिली. त्यांनी ती मला दिली, कारण घरात शुद्ध लिहिणारा मीच, असं ते म्हणतात. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही. तर लिहितो.

दिवाळीनंतर मी घोडबंदर रोडवरच्या एका खासगी प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागलो. अजून कायम झालेलो नाही. माझ्या खोलीत एकच यंत्र आहे : कॉन्फोकल रामन मायक्रोस्कोप. ते चालवतात वल्लरी मॅडम. त्या एम.एस्सी. आहेत, माझ्याहून थोड्याच मोठ्या, आणि फार भरभर बोलतात. काचा पुसणं, नमुने मांडणं आणि संध्याकाळी यंत्र बंद करणं हे माझ्याकडे.

यंत्र काय करतं, हे त्यांनीच मला समजावलं. हिरवा लेझर वस्तूवर पडतो. परत येणाऱ्या उजेडातला अगदी थोडा उजेड रंग बदलून येतो, आणि प्रत्येक पदार्थ तो आपापल्या तऱ्हेने बदलतो. त्यावरून पदार्थ ओळखायचा. वाटेत सुईच्या टोकाहून बारीक भोक आहे. त्यातून एका वेळी एकाच थराचा उजेड आत येतो, वरचा आणि खालचा बाहेर अडतो. म्हणजे कांदा न कापता त्याचे पापुद्रे पाहायचे.

सध्या काम दुधाच्या पिशवीचं आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक कारखाना हे प्लास्टिक बनवतो. पिशव्या शिवणीजवळ गळतात. प्लास्टिक दिसायला एक, पण त्याला पाच पदर असतात. मधला पदर कुठे पातळ झालाय का, ते चित्रात दाखवायचं आहे. प्लास्टिक सपाट राहावं म्हणून आम्ही ते एका जाड काचेखाली दाबून ठेवतो. चित्रात पाच रंगांचे पाच पट्टे दिसायला हवेत. आजही धुकंच दिसलं.

"पावभाजी आहे ही," वल्लरी मॅडम म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी काय सुंदर यायचं रे."

दिवाळीच्या आधी मी इथे नव्हतो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे यंत्र बंद केलं. बाबा वजनकाट्यांची दुरुस्ती करतात. नौपाड्यातल्या अर्ध्या दुकानांचे काटे त्यांच्या हातून गेलेत. त्यांची शिकवण आहे की काम संपलं की काटा शून्यावर. मी तेच करतो. दिव्याचं चाक शून्यावर, टेबलाची चकती शून्यावर, लेन्सच्या गळ्यात एक फिरणारी कडी आहे ती शून्यावर. कडीचे आकडे भिंतीकडे तोंड करून आहेत, म्हणून मी घरून छोटा आरसा आणलाय. मग कव्हर. कव्हरला सुरकुती ठेवत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

धुकं तसंच.

वल्लरी मॅडमनी प्रत्येक ठिपक्यावर यंत्राला जास्त वेळ थांबायला लावलं. धुकं जास्त वेळ दिसलं. मग त्यांनी लेझरचा जोर वाढवला, तर पिशवीला भोक पडलं.

"आता गळण्याचं कारण तरी सापडलं," त्या म्हणाल्या.

मला भीती वाटते की माझ्या हालचालीमुळे यंत्र हलत असेल. आज चित्र घेताना मी कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वास रोखून बसलो.

"ऋतुराज, श्वास घे बाबा. निळा पडलायस."

सगळ्या काचा पुन्हा पुसल्या. चष्माही पुसला, माझाच. काही फरक नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

आज यंत्र दुरुस्त करणारे इंजिनियर आले. आनंद नाव. कल्याणहून मोटारसायकलवर येतात आणि खोलीतही गॉगल डोक्यावर ठेवतात.

"काय बॉस, कोण त्रास देतंय तुम्हाला?" म्हणाले आणि सगळं उघडून बसले. आरसे हलवले, भोक जागेवर आणलं, लेन्स काढली, पुसली, फिरवली, परत बसवली. मग विचारलं, "इथलं सेटिंग कोणी बदलतं का?"

वल्लरी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे सांगितलं, "अजिबात नाही." हे खरं आहे. सेटिंगला माझ्यासमोर कोणी बोट लावू शकत नाही.

दुपारी चित्र आलं. पाच पदर, पाच रंग, कडा अशा की पट्टीने आखाव्यात. वल्लरी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आनंद यांना दोनदा चहा मिळाला, एकदा बिस्किटांसह.

चित्र इतकं सुंदर आलंय, तर आता आपल्याकडून कसूर नको. संध्याकाळी विशेष काळजी घेतली. प्रत्येक चकती शून्यावर आणून पुन्हा तपासली. कडी थोडी पुढे गेली होती, तीही नीट मागे आणली.

शनिवार, ११ जानेवारी

धुकं.

वल्लरी मॅडम बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आनंद यांना फोन लावला आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण त्या जे बोलत होत्या ते मी ऐकणं बरं नव्हतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला. यंत्राच्या खोलीत मी तिळगुळाला बंदी केली, कारण एखादा तीळ आत गेला तर? दारावर कागद लावला : ‘कृपया तिळगूळ घेऊन आत येऊ नये.’ प्रयोगशाळेच्या प्रमुख उत्तरा मॅडम तो वाचून थांबल्या. त्या नौपाड्यातल्या, माझ्या आईहून मोठ्या, आणि वाक्य पूर्ण केल्याशिवाय थांबत नाहीत.

"ऋतुराज, शुद्धलेखन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण खोलीबाहेर उभं राहून गोड बोललेलं चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल. त्या गंभीरपणे निघून गेल्या. त्या रागावल्या असाव्यात असं मला वाटतं.

धुकं आहेच.

गुरुवार, १६ जानेवारी

आनंद पुन्हा आले. या वेळी त्यांनी सांगितलं की दोष रस्त्याचा आहे. बाहेर मेट्रोचं काम चालू आहे, त्याने जमीन थरथरते आणि चित्र हलतं. त्यांनी मला पाण्याचा पेला टेबलावर ठेवून त्याकडे पाहत बसायला सांगितलं. दिवसभर पाहिलं. पाण्याला एकदाच तरंग उठला, तोही वल्लरी मॅडमनी टेबलावर हात आपटला तेव्हा.

दरम्यान आनंद यांनी सगळं पुन्हा उघडून बसवलं. चित्र सुंदर आलं! बाहेर ट्रक, खोदाई, सगळं चालू असताना.

"पाहिलंत? मी आलो की मशिन सरळ होतं," आनंद म्हणाले.

"मग इथेच राहा. कोपऱ्यात गादी टाकते," वल्लरी मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी यंत्र इतक्या हळुवारपणे बंद केलं की मलाच कौतुक वाटलं. तान्ह्या बाळाला झोपवावं तसं. सगळं शून्यावर.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी धुकं. दुपारी वाईट बातमी.

उत्तरा मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. कारखान्याचे सहदेव साहेब पुढच्या शुक्रवारी स्वतः चित्र पाहायला येणार. तोवर चित्र स्वच्छ आलं नाही, तर आमचं मुख्य ऑफिस हे यंत्र पुण्याला घेऊन जाणार. तिथले लोक म्हणतात की ठाण्याला असलं नाजूक यंत्र सांभाळता येत नाही.

"आणि यंत्राच्या खोलीतले आम्ही?" वल्लरी मॅडमनी विचारलं.

"तुला ते पुण्याला बोलावतील," उत्तरा मॅडम म्हणाल्या. माझ्याबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि त्या वाक्य पूर्ण करणाऱ्या आहेत.

घरी सांगितलं नाही. बाबा दुकानादुकानांतून सांगत फिरतात की आमचा ऋतुराज लेझरवर आहे. आता मी आणखी नीट काम करणार. यापुढे प्रत्येक शून्य तीनदा तपासायचं.

सोमवार, २० जानेवारी

हे लिहिताना घाई होतेय, तरी अक्षर चांगलं यावं असा प्रयत्न आहे.

संध्याकाळी वल्लरी मॅडम घरी गेल्या नव्हत्या. खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी यंत्र बंद करायला घेतलं. आरसा काढला, भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये धरला.

"आरसा कशाला? भांग पाडतोयस?"

"नाही मॅडम, कडी शून्यावर आणतोय."

"कुठली कडी?"

"ही. लेन्सच्या गळ्यातली."

त्या एकदम उठून बसल्या. "ऋतुराज. तू कॉलर फिरवतोस?"

"फिरवत नाही मॅडम. शून्यावर आणतो."

"कधी?"

"रोज."

त्या हळूहळू खाली बसल्या, खुर्चीत नाही, जमिनीवर. त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडतायत असं वाटून मी पाणी आणलं. त्या हसत होत्या. पाणी पिताना ठसका लागला, तरी हसत होत्या.

"अरे, ती कॉलर काचेच्या जाडीसाठी असते! आपण पिशवीवर काच ठेवतो ना? एक मिलिमीटरची. म्हणून कॉलर एकावर. मग लेन्स त्या काचेचा हिशेब धरून बघते. शून्य म्हणजे काच नाहीच. तू रोज त्या बिचारीला सांगतोस, मध्ये काही नाहीये गं, बघ आता नीट!"

माझ्या डोळ्यांपुढे आनंद यांची दोन्ही चित्रं आली. आणि त्यानंतरच्या माझ्या दोन्ही संध्याकाळी.

"आनंदने विचारलेलं तेव्हा का नाही बोललास?"

"त्यांनी विचारलं, सेटिंग कोणी बदलतं का. मी बदलत नाही मॅडम. जागेवर ठेवतो."

त्या पुन्हा जमिनीवर.

"मीही गाढव," मग डोळे पुसत म्हणाल्या. "एकदा लावली, आकडे भिंतीकडे, परत कधी वाकून बघितलंच नाही. आनंदही तसाच. लेन्स बसवताना सवयीने एकावर करणार, आधी कुठे होती ते बघणार कोण?"

मी म्हणालो, "मी आत्ताच उत्तरा मॅडमना सांगतो."

"शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेव. धुकं मशिनमुळे असेल तर मशिन पुण्याला जाईल. माणसामुळे असेल तर माणूस जाईल. आणि तो पुण्यालाही नाही जाणार, घरी जाईल." मग म्हणाल्या, "तू गेल्यावर कव्हरला सुरकुत्या पडतील, त्या मला बघवणार नाहीत."

कव्हर घालणं एवढं अवघड नाही. मी त्यांना शिकवेन म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला.

मंगळवार, २१ जानेवारी

कडी एकावर. चित्र स्वच्छ. पाच पदर. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी दिवसभर त्या चित्राकडे गुन्हेगारासारखा पाहत होतो.

संध्याकाळी खरी परीक्षा. चाक शून्यावर, चकती शून्यावर, आणि कडीजवळ हात आपोआप गेला.

"हात मागे," दारातून वल्लरी मॅडम.

हात खिशात घालून कव्हर घालता येत नाही. त्यांनीच घातलं. वाकडं.

रात्री जेवताना बाबांना विचारलं, "बाबा, काटा शून्यावर न ठेवता कोणी दुकान बंद केलं तर?"

"पारड्यात काही आहे का?"

"समजा, भांडं आहे."

"मग भांडं धरूनच काटा लावायचा. भांडं असताना ते नाहीच असं धरलंस, तर गिऱ्हाइकाच्या पदरात तुपाऐवजी पितळ." त्यांनी भाकरी मोडली. "का रे? लेझरला पण भांडं असतं?"

"काच असते," मी म्हणालो.

पुढे त्यांनी विचारलं नाही. आईला मात्र सांगितलं, की पोरगं आता माझ्याही पुढच्या गोष्टी विचारतं.

गुरुवार, २३ जानेवारी

उद्या सहदेव साहेब. वल्लरी मॅडम आज दुपारीच निघाल्या, आईला घेऊन टिटवाळ्याला गणपतीला जायचं होतं. उद्या तिथूनच येणार.

"फक्त एकच गोष्ट करू नकोस," जाताना म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बोल कुठली."

"कडी शून्यावर आणणार नाही."

"शाब्बास. आता आरसा दे इकडे."

आरसा दिला. संध्याकाळी यंत्र बंद केलं, कडीकडे न पाहता. खाली आलो, रिक्षात बसलो. रिक्षा सुटायच्या आधी शंका आली. न पाहता हात गेला असेल तर? सवयीला डोळे लागत नाहीत. उतरलो, वर गेलो. आरसा नव्हता, म्हणून भिंतीला गाल लावून पाहिलं. एकावर होती. खाली आलो. मग वाटलं, वाकताना कोपर लागलं असेल तर? पुन्हा वर गेलो. तिसऱ्या वेळी वॉचमन म्हणाला, "आत काय गाय बांधलीय का?"

हे सगळं लिहून काढलं, कारण नाहीतर मी पुन्हा जाईन.

शुक्रवार, २४ जानेवारी

सहदेव साहेब वेळेआधी आले. जाडजूड, पांढरा शर्ट, हातात रिकामी दुधाची पिशवी. वल्लरी मॅडम घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या. फोनवर म्हणाल्या, "समोर टँकर आडवा झालाय. चालत आले असते तर पोहोचले असते."

उत्तरा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ऋतुराज, चित्र सुरू करता येईल तुला?"

रोज पाहून पाठ झालेलं होतं. "येईल," म्हणालो, आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आला. पिशवीचा तुकडा मांडला. वर काच ठेवली. लेन्स खाली आणली. सुरू केलं.

चित्र वरून खाली एकेक ओळ भरत येतं. पहिला पदर निळा. दुसरा पिवळा. दोघांमधली कड स्वच्छ. तिसरा, मधला, लाल, छान जाड. मग शिवणीकडे सरकताना तो बारीक होत गेला आणि शेवटी दोऱ्याइतका उरला. खालचे दोन पदर ठीक होते.

"हे बघा, इथे!" सहदेव साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला. मी तो कुठे आहे ते लक्षात ठेवलं. "मधलाच पदर खातोय कोणीतरी. पण मॅडम, महिनाभर तुम्ही आम्हाला धुकं पाठवत होतात. आता एकदम एवढं साफ? मशिनला केलंत काय?"

उत्तरा मॅडम म्हणाल्या, "आमचे इंजिनियर दोनदा येऊन गेले."

इथे मी गप्प बसलो असतो तर संपलं असतं. वल्लरी मॅडमनी तसंच बजावलं होतं. पण चुकीची गोष्ट समोर दिसत असताना मला राहवत नाही, मग ती चित्रातली असो की बोलण्यातली.

"इंजिनियर आले तेव्हा तेवढ्यापुरतं साफ व्हायचं," मी म्हणालो. "मशिनला काही केलं नाही, साहेब. मी रोज एक गोष्ट करत होतो, ती बंद केली."

उत्तरा मॅडमचा चष्मा माझ्याकडे वळला.

"कुठली गोष्ट?"

"संध्याकाळी मशिन बंद करताना सगळं शून्यावर आणत होतो. त्यात ही कडीही. ती काचेप्रमाणे लावलेली असते, ती शून्यावर नको. मला वाटलं, शून्य म्हणजे नीट."

आता सहदेव साहेब हसतील आणि मी घरी जाईन, असं वाटलं. ते हसले नाहीत. चित्रातल्या त्या बारीक लाल दोऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"काळुराम? अरे, तू त्या पाच पदरी मशिनवर असतोस ना. पाळी संपल्यावर मशिन बंद करताना काय काय करतोस रे? ... पुसतोस, बरं. ... वर्तमानपत्र घालतोस, छान. ... सगळे नॉब कुठे आणतोस?"

पलीकडून एक शब्द आला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

सहदेव साहेबांनी डोळे मिटले. "कोणी सांगितलं तुला तसं करायला? ... कोणीच नाही. बरं. ... नाही नाही, ओरडत नाही. तू तिथेच थांब. कशालाही हात लावू नको. मी येतोच."

ते जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखाच आहे. फार टापटीप."

तेवढ्यात घामाघूम होऊन वल्लरी मॅडम आल्या. शेवटचा टप्पा खरंच चालत आल्या होत्या. त्यांनी चित्र पाहिलं, मग उत्तरा मॅडमचा चेहरा पाहिला, मग माझा. "सांगितलंस," त्या म्हणाल्या. प्रश्नचिन्ह नव्हतं.

शनिवार, २५ जानेवारी

दुपारी उत्तरा मॅडमनी बोलावलं. मी दारात उभा असतानाच पुण्याचा फोन आला. त्यांनी मला थांबायची खूण केली, म्हणून मी जे ऐकलं ते चोरून ऐकलेलं नाही.

"हो, चित्र पाठवलंय. सहदेव साहेबांनी पुढची सगळी कामंही आपल्याकडेच दिली आहेत ... कारण? यंत्रात काहीच बिघाड नव्हता. आमचा एक मुलगा फार नीटनेटका आहे, एवढंच ... नाही, त्याला काढण्याचं काही कारण मला दिसत नाही. यंत्र हलवण्याचंही दिसत नाही. दोघांना एकमेकांची सवय झाली आहे ... हो, एक तारखेपासून कायम. ठेवते."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ऋतुराज, संध्याकाळी यंत्र बंद करण्याचं काम तुझ्याकडेच राहील." आणि फाइल उघडली.

‘फार नीटनेटका’ ही तारीफ होती की तक्रार, हे मी दिवसभर ठरवत होतो. वल्लरी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही रे," आणि आरसा परत दिला. त्याच्या मागे त्यांनी पेनाने ‘१’ लिहिलंय. आकडा जरा तिरका आलाय, पण मी सुधारला नाही.

घरी पेढे आणायचं ठरवलं. बाबांना काय सांगायचं तेही ठरलं : कायम झालो.

पण त्याआधी संध्याकाळ होती. चाक शून्यावर, चकती शून्यावर. कडी एकावर ठेवली. कव्हर घातलं, सुरकुती नाही. दारापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. दारात पाहिलं.